प्रवाहाचा आवाज ऐकवणारे डॉप्लर

पायाच्या रक्तवाहिनीवर जेल लावून डॉक्टर पेनाएवढे यंत्र टेकवतात आणि रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकू येतो. कारखान्यातला तंत्रज्ञ तसेच यंत्र पाइपला बाहेरून लावून आतल्या सांडपाण्याचा वेग मोजतो. दोन्हींमागे तत्त्व एकच, ख्रिस्तियान डॉप्लर यांचे.

डॉप्लर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी साल्झबर्गचा. घराण्याचा धंदा पाथरवटाचा. पण प्रकृती नाजूक, त्यामुळे छिन्नी-हातोडा झेपण्यासारखा नव्हता. व्हिएन्नात गणित शिकूनही कायमची नोकरी मिळेना. काही काळ त्यांनी सूतगिरणीत हिशेब लिहिले. अखेर अमेरिकेला जाण्याची तयारी केली, तोच १८३५ मध्ये प्राग येथे शिक्षकाची जागा मिळाली.

२५ मे १८४२ रोजी प्रागमधील मोजक्या श्रोत्यांपुढे त्यांनी आपला निबंध वाचला. लहरींचा उगम जवळ येत असेल तर त्यांची वारंवारता वाढते, दूर जात असेल तर घटते, हा त्याचा गाभा. त्यावरून जोडताऱ्यांच्या रंगांचा त्यांनी केलेला खुलासा चुकला. तत्त्व मात्र खरे होते. १८४५ मध्ये हॉलंडमध्ये आगगाडीत तुतारीवादक बसवून त्याची खात्री करण्यात आली.

डॉप्लर यंत्र कानाला ऐकू न येणारा ध्वनी आत पाठवते. रक्तातल्या तांबड्या पेशी किंवा सांडपाण्यातले कण आणि बुडबुडे तो परतवतात. वारंवारतेतल्या फरकावरून वेग कळतो. रक्तवाहिनी अरुंद झाली की त्या जागी रक्त वेगाने धावते आणि आवाज चढतो. ती पूर्ण बंद असेल तर आवाजच येत नाही. अगदी स्वच्छ पाण्यात ध्वनी परतवणारे काही नसते, म्हणून तिथे वेगळ्या पद्धतीचे यंत्र लागते.

१८५० मध्ये डॉप्लर व्हिएन्ना विद्यापीठाच्या भौतिकी संस्थेचे पहिले संचालक झाले. पण दोनच वर्षांत गणितज्ञ पेट्सवाल यांनी त्यांच्या सिद्धांतावर कडाडून टीका केली. हा वाद ताजा असतानाच फुप्फुसाच्या आजाराने १७ मार्च १८५३ रोजी व्हेनिस येथे डॉप्लर यांचे निधन झाले. वय अवघे ४९. सुमारे शंभर वर्षांनी जपानमध्ये शिगेओ सातोमुरा यांनी हेच तत्त्व हृदय व रक्तप्रवाह तपासण्यासाठी वापरले.

चालताना पोटरी दुखत असेल आणि थांबल्यावर बरे वाटत असेल, तर केवळ वय झाले म्हणून सोडून देऊ नका. विशेषतः मधुमेह किंवा धूम्रपानाची सवय असल्यास डॉक्टरांना दाखवा. कुठे काही तुंबले आहे का, हे डॉप्लर तपासणीत सुई न टोचता कळू शकते.