देवळालीचे कापरेकर मास्तर

१२३४५६७८९८७६५४३२१. ही सतरा अंकी संख्या एकपासून नऊपर्यंत चढते आणि तशीच खाली उतरते. १११११११११ चा हा वर्ग. तिच्या अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने तिला पूर्ण भागही जातो. अशा चढत्या-उतरत्या संख्यांना ‘डेमलो’ म्हणतात; हे डोंबिवली स्टेशनाचं जुनं नाव. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्या त्या ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या. ही दोन्ही नावं ठेवली आपल्या नाशिकच्या एका शाळामास्तरांनी.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. आई लहानपणीच गेली. शाळा ठाण्यात झाली, कॉलेज पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. तिथे १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९२९ मध्ये पदवी घेतली आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीत मुलांना शिकवलं. एम.ए., पीएच.डी. काही नाही. शाळा सुटली की कागद, पेन्सिल आणि आकडे.

१९४९ मध्ये त्यांना ६१७४ सापडली. आपल्या दहावीचं साल घ्या, १९९५. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा: ९९५१ – १५९९ = ८३५२. पुन्हा तेच: ८५३२ – २३५८ = ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येते. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या (मध्येच तीन अंकी उत्तर आलं तर पुढे शून्य लावा), जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचते. अशा ८९९१ संख्या मी दहा ओळींच्या प्रोग्रॅमने तपासल्या. डोळ्याचं पातं लवेपर्यंत काम झालं. मास्तरांकडे कॉम्प्युटर नव्हता.

‘देवळाली संख्या’ही त्यांच्याच. १५ मध्ये तिचे अंक मिळवले की २१ होतात. पण २० अशी कोणत्याच संख्येपासून तयार होत नाही. अशा स्वयंभू संख्यांना त्यांनी गावाचं नाव दिलं.

आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांना हे सगळं पोरखेळ वाटे. मास्तर पदरमोड करून पुस्तिका छापत राहिले. निवृत्तीनंतर पेन्शन तुटपुंजं, म्हणून शिकवण्या घ्याव्या लागल्या. १९६६ मध्ये पत्नी गेल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला नाव कळलं. तेव्हा मास्तर सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये ते गेले.

आज प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या पोरांना ६१७४ चा सराव हमखास देतात. तो देवळालीतून आला, हे मात्र नाशिककरांनाच सांगावं लागतं. म्हणून या स्मरणिकेत लिहिलं. आपापल्या मुलांना आज एक चार अंकी संख्या द्या. आणि सर, बाई, तुमच्या वर्गांनाही.