नऊ आण्यांचा हिशेब

बँकेत उभी हयात गेली. संध्याकाळी जमा-नावेचा ताळा जुळल्याखेरीज घरी जायचे नाही, रुपयाचा फरक निघाला तरी सगळी लेजरे पुन्हा काढायची, ही आमच्या वेळची शिस्त. अशा माणसाच्या हाती निवृत्तीनंतर ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे छोटेसे पुस्तक आले आणि घरातलाच एक न जुळलेला ताळा आठवला. पण आधी ताराबाईंविषयी.

त्यांचा जन्म १८५० च्या सुमाराचा, बुलढाण्याचा. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क. मुलींना शाळा नव्हती, म्हणून एकुलत्या एका लेकीला त्यांनी घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. घराणे मराठा, चालीरीती कडक. पण बापूजींचा ओढा जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाकडे होता. ताराबाईंचे लग्न झाले तेही घरजावई आणून, त्यामुळे वाचन सुटले नाही.

१८८१ साली सुरतेकडे एक खटला गाजला. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला दिवस गेले आणि लोकलाजेपोटी तिने जन्मलेल्या मुलाचा जीव घेतला. कोर्टाने फाशी सुनावली. पुढे तिची जन्मठेप आणि मग पाच वर्षे झाली. एका पुण्याच्या वर्तमानपत्राने या निमित्ताने समस्त स्त्रीजातीलाच धारेवर धरले. बाया बिघडल्या, असा एकूण सूर. त्या मुलाच्या बापाचे काय, हे कोणी विचारीना. बुलढाण्यात बसलेल्या ताराबाईंचे माथे तिथेच भडकले. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्यांचे उत्तर छापून निघाले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

पुस्तकाची रीत मला तर जमाखर्चाचीच वाटली. बायकांच्या नावे लोक जे जे दुर्गुण मांडतात, ते एकेक घ्यायचे आणि पुरुषांच्या खात्यावर ते आहेत की नाहीत हे तपासायचे. नवरा देव असेल तर त्याने देवासारखे वागायला नको का? बायको वारल्यावर पुरुष लगेच बोहल्यावर चढतो. मग विधवेनेच जन्मभर अंधारात का बसावे? शास्त्रकारांना, नाटक-कादंबरीवाल्यांना, सभेत सुधारणेची भाषणे ठोकून घरी मुकाट बसणाऱ्यांना, कोणालाच त्यांनी सोडले नाही. भाषा अशी झणझणीत, की वाचणाऱ्या पुरुषाचे कान आजही गरम व्हावेत.

तत्त्वज्ञ म्हटले की आपल्याला दाढीवाले ऋषी नाहीतर परदेशी पंडित आठवतात. इंग्लंडात मेरी वुलस्टनक्राफ्टने १७९२ मध्ये स्त्रियांच्या हक्कांवर ग्रंथ लिहिला. तिला तत्त्वज्ञांच्या पंगतीत पान मिळाले. ताराबाईंचे पानही तिथेच मांडायला हवे. कृत्य तेच ठेवून करणारा बदलून पाहा. निवाडा बदलला तर ती नीती नव्हे, ती सोय. नीतिशास्त्राची ही कसोटी त्यांनी घरगुती मराठीत लावून दाखवली.

समाजाला ती मानवली नाही. टीका झाली. जोतीरावांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. ताराबाईंनी पुढे दुसरे पुस्तक काढले नाही. १९१० च्या सुमारास त्या गेल्या. पुस्तक विस्मरणात पडले ते स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत.

आता माझा ताळा. आमची घणसोली आगरी लोकांची. सिडकोने जमिनी घेतल्या, पुढे साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले आणि घराघरातून बहिणींना हक्कसोड पत्रावर सही करायला बोलावणी गेली. सही करणारी बहीण गुणाची, न करणारी भावांच्या मुळावर उठलेली. आमच्या बायलाही बोलावले. कागद मीच तयार केला. बँकेतला ना मी! ती सासरहून आली, सगळ्यांसाठी भाकऱ्या थापल्या, मुकाट्याने सही केली आणि चोळीबांगडी घेऊन गेली. आम्ही भावांनी तिच्या मोठ्या मनाचे कौतुक केले. असे मोठे मन आमच्यापैकी कोणी करावे, हे मात्र कोणाच्या डोक्यातही आले नाही.

परवा बायकडे जाऊन हे पुस्तक वाचून दाखवले. ऐकून ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने एवढेच विचारले, की तेव्हा तिने कागद पुढे केला असता तर मी सही केली असती का? मला उत्तर देता आले नाही.

गावठाणातल्या जुन्या घराची वाटणी अजून व्हायची आहे. त्या घराचा कागद वेगळा, त्यावर बायने सही केलेली नाही. येत्या बैठकीत तिचा वाटा मी मांडणार आहे. भाऊ काय म्हणतील, हे ठाऊक आहे. पण ताळा जुळल्याशिवाय उठायचे नाही, ही सवय जुनी आहे.