मॅजिस्ट्रेट, कैदी व कैद्यांचे पालक : फकीरसिंग बूथ-टकर ह्यांचे चरित्र

मुक्तिफौजेचे नाव आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलेले आहे. परंतु ती फौज ह्या देशात ज्यांनी आणली, त्या फ्रेडरिक बूथ-टकर साहेबांची हकीकत जव्हार व मोखाडे येथील आमच्या मंडळ्यांत थोड्यांसच ठाऊक असेल. ह्या गृहस्थांनी तरुणपणी मॅजिस्ट्रेट होऊन लोकांस शिक्षा दिल्या, पुढे मुंबईत स्वतः शिक्षा भोगली, आणि उतारवयात, सरकारने ज्यांस जन्मतःच चोर ठरविले होते अशा लोकांचा सांभाळ केला. चोरी झाली असता पोलीस प्रथम कोणत्या पाड्याची वाट धरतात, हे आमच्या उपदेशक बंधूंस सांगावयास नको. म्हणून हे चरित्र त्यांच्यापुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

टकर साहेबांचा जन्म २१ मार्च १८५३ रोजी गंगेच्या काठी मुंगेर येथे झाला. घराणे पिढीजात सरकारी चाकरीचे. आजे ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष होते. चुलते रॉबर्ट टकर हे फत्तेपूर येथे न्यायाधीश असता १८५७ च्या बंडात मारले गेले. आत्या शार्लट टकर ह्यांनी मात्र निराळी वाट धरली. त्या पन्नाशी उलटल्यावर मिशनरी होऊन पंजाबात आल्या व अखेरपर्यंत तेथेच राहिल्या. फ्रेडरिक ह्यांचे शिक्षण इंग्लंडात झाले. १८७५ मध्ये अमेरिकेतील प्रसिद्ध उपदेशक मूडी ह्यांच्या सभा लंडनास चालल्या असता त्यांच्या अंतःकरणाचा पालट झाला. पुढे लवकरच मुलकी खात्यात नेमणूक होऊन ते पंजाबात आले.

असिस्टंट कमिशनर म्हणजे सारावसुली करणारा आणि फौजदारी खटले चालविणारा एकच अंमलदार. पोलीस माणूस आणून उभा करीत, कारकून कागद वाची, आणि साहेब निकाल लिही. कचेरीचे काम आटोपल्यावर टकर बाजारात जाऊन शुभवर्तमान सांगत. वरिष्ठांस हे रुचत नसे. लोकांसही ते विचित्र वाटले असल्यास नवल नाही. कारण निकाल देणारे तोंड व तारणाची वार्ता सांगणारे तोंड एकच. अशा स्थितीत मुक्तिफौजेचे वर्तमानपत्र त्यांच्या हाती पडले. ते रजा घेऊन लंडनास गेले, जनरल बूथ ह्यांस भेटले, आणि १८८१ मध्ये मोठ्या पगाराची जागा सोडून फौजेत शिरले.

१९ सप्टेंबर १८८२ रोजी ते मुंबई बंदरात उतरले. फौज येणार म्हणून पोलीस बंदोबस्त ठेवून होते. उतरली ती अवघी चार माणसे, त्यांत एक बाई! बाकीचे सैन्य कधी येणार, असे पोलीस अंमलदाराने विचारल्यावर हेच सगळे सैन्य होय असे त्यास कळले, अशी गोष्ट सांगतात. थोड्याच दिवसांत ह्या चौघांनी बाजारातून वाजतगाजत मिरवणूक काढली आणि पोलिसांनी त्यांस अटकाव केला.

येथे पोलिसांची बाजूही सांगितली पाहिजे. १८७४ मध्ये मुंबईत पारशी व मुसलमान ह्यांच्यामध्ये मोठा दंगा झाला होता. धर्माच्या नावाने रस्त्यावर गर्दी जमली की दगड पडतील, ही धास्ती खोटी नव्हती. परंतु मोहरमाचे ताबूत व लग्नाच्या वराती त्याच रस्त्यांवरून वाजत जात असता, ह्या चौघांच्या नगाऱ्यासच बंदी का, ह्या प्रश्नास सरळ उत्तर मिळाले नाही. दंड झाले. टकरांनी मनाई मानली नाही, तेव्हा १८८३ मध्ये त्यांस एक महिन्याची कैद झाली. ज्या दारातून मॅजिस्ट्रेट इतरांस आत पाठवीत असे, त्या दारातून तो स्वतः आत गेला. फिलिप्पै येथील बंदिशाळेत पौल व सीला ह्यांनी मध्यरात्री स्तोत्रे गायिली, हे आमच्या वाचकांस स्मरत असेलच. मुंबईतील ह्या कैदेची वार्ता देशभर पसरली. बंगालचे केशवचंद्र सेन हे ख्रिस्ती नसताही त्यांनी फौजेचा पक्ष उचलला. आणि अनेक हिंदू, मुसलमान व पारशी गृहस्थांस वाटले की, आज ह्यांचे तोंड बंद झाले तर उद्या आपले होईल. पुढे ती मनाई टिकली नाही.

टकरांनी विलायती पोशाख टाकला. भगवे वस्त्र, अनवाणी पाय, भिक्षेचे अन्न, आणि फकीरसिंग हे नाव. गुजराथेतील एका गावी लोकांनी त्यांस थारा दिला नाही, परंतु ते झाडाखाली झोपले असता त्यांच्या पायांचे फोड पाहून तेच लोक द्रवले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. प्रथम पत्नी लुईझा बाई १८८७ मध्ये ह्या देशातच वारल्या. दुसऱ्या वर्षी जनरल बूथ ह्यांची कन्या एमा ह्यांच्याशी विवाह झाला, तेव्हापासून ते बूथ-टकर म्हणवू लागले.

१८९६ ते १९०४ पर्यंत ते अमेरिकेत फौजेचे मुख्य होते. त्या देशात तेव्हा, आणि आताही, मोठा वाद आहे : तुरुंग हा गुन्हेगारास दुखविण्यासाठी की सुधारण्यासाठी? आणि सुटलेल्या माणसास काम कोणी द्यावे? टकरांचे मत असे होते की, शहराच्या गल्ल्यांत बेकार पडलेल्या माणसास जमीन द्यावी, म्हणजे पुष्कळ गुन्हे आपोआप टळतील. त्यांनी कोलोरॅडो, कॅलिफोर्निया व ओहायो ह्या तीन ठिकाणी शेतीच्या वसाहती बसविल्या. कोलोरॅडोची वसाहत जमीन खारावल्याने पुढे मोडली. १९०३ मध्ये आगगाडीच्या अपघातात एमा बाईंचा अंत झाला.

आता ज्या कामासाठी आम्ही हे चरित्र लिहावयास घेतले त्याकडे येतो. १८७१ मध्ये सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. एखादी जात चोऱ्या करणारी आहे असे सरकारने जाहीर केले की त्या जातीतील माणसांची नावे वहीत चढत. त्यांनी ठरल्या वेळी हजेरी द्यावी, परवान्यावाचून हद्द ओलांडू नये. ओलांडल्यास कैद, दंड वा फटके. त्या माणसाने स्वतः काही चोरले की नाही हे पाहण्याचे कारण नव्हते. इतकेच नव्हे, तर जाहीरनामा योग्य की अयोग्य हे कोर्टासही विचारता येत नसे. १९११ मध्ये नवा कायदा होऊन तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानास लागू झाला.

ह्या लोकांचे काय करावे हे सरकारास कळेना. पुष्कळदा तुरुंगात घालून पाहिले. सुटून आलेल्यास कोणी काम देईना, आणि काम नाही म्हणून तो पुन्हा आत जाई. फकीरसिंग हिंदुस्थानात परत आले होते. संयुक्त प्रांताच्या सरकारने १९०८ मध्ये गोरखपूरकडील डोम लोक फौजेच्या हवाली केले. फौजेने त्यांस हातमाग दिले, रेशमाचे किडे पाळावयास शिकविले, मुलांसाठी शाळा काढल्या. चोराने आपल्या हातांनी काम करावे, म्हणजे गरजवंतास द्यावयास त्याच्यापाशी काही असेल, असे पौलाने इफिसच्या मंडळीस लिहिले आहे. फकीरसिंगांची पद्धत त्याच धर्तीची होती. गुन्हा हा रोग आहे व त्यास औषध आहे, असे त्यांनी ग्रंथ लिहून प्रतिपादन केले. लवकरच अशा वसाहती अनेक प्रांतांत झाल्या. मद्रास इलाख्यात येरुकुल लोकांसाठी स्टुअर्टपुरम् हे गाव वसले. आपल्या महाराष्ट्रात सोलापूरची तारेच्या कुंपणाची सेटलमेंट प्रसिद्धच आहे. तिचे काम काही काळ अमेरिकन मराठी मिशनने पाहिले होते, हे आम्ही मिशनच्या वाचकांपासून लपवू इच्छीत नाही.

हे काम चांगले की वाईट? आमचे मत आम्ही स्पष्ट लिहितो. ज्यांस कोणी दारात उभे करीत नसे त्यांच्याबरोबर फकीरसिंग राहिले, ह्याबद्दल त्यांचा मान आम्ही कमी करणार नाही. परंतु वसाहतीसही हद्द होती, हजेरी होती, परवाना होता. आणि मुलांस आईबापांपासून वेगळे ठेवण्याची सोय कायद्यातच होती. रोग्यास औषध देणाऱ्याने, हा मनुष्य रोगी आहे हे कोणी व कशावरून ठरविले, एवढे तरी विचारावयास हवे होते. मुंबईत स्वतःवर अन्यायाचा हुकूम आला तेव्हा टकरांनी तो मोडला व तुरुंग पत्करला. डोमांवरील हुकूम मात्र त्यांनी तसाच ठेवून त्याच्या आत दया केली. पंजाबातील जुना मॅजिस्ट्रेट त्यांच्यात थोडा शिल्लक राहिला होता, असे आम्हांस वाटते. आणि दया करणाऱ्याच्या हाती किल्ल्याही असल्या की दया घेणाऱ्याने मोकळेपणाने नाही म्हणावे तरी कसे?

आपल्या मुलखापुरते बोलावयाचे तर, टकर मुंबईस उतरले त्याच १८८२ साली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर छापले गेले, आणि त्यात काथोडी लोकांस चोरटे म्हणून दोष दिला आहे. कात पाडण्याचा त्यांचा धंदा जंगलाच्या कायद्यांनी बसला; मग खळ्यावरचे धान्य गेले की बोट त्यांच्याकडे. ही रीत अद्याप मोडलेली नाही, आणि ती केवळ पोलीस ठाण्यात आहे असेही नाही. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी अशा आमच्या घरांतही काथोड्याच्या पोरास ओटीवर घेताना भांडी मोजली जातात. संशय किती दूर नेतो हे १६ एप्रिल २०२० रोजी डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दिसले. चोर फिरत असल्याची आवई उठली होती. वाटेने जाणाऱ्या दोन साधूंस व त्यांच्या ड्रायव्हरास जमावाने पोलिसांदेखत ठार केले. त्या रात्री फिर्याद, तपास, निकाल व शिक्षा ही सर्व एकाच जमावाने उरकली.

फकीरसिंग १९१९ मध्ये हिंदुस्थानातून गेले आणि १७ जुलै १९२९ रोजी लंडन येथे प्रभूकडे गेले. वय ७६ वर्षांचे होते. त्यांच्यामागे तो कायदा आणखी २३ वर्षे चालला व १९५२ च्या ऑगस्टअखेर रद्द झाला. तेव्हापासून त्या जमातींस विमुक्त म्हणतात. तरी सराईत गुन्हेगारांविषयी निरनिराळ्या प्रांतांनी नवे कायदे केले, आणि पोलिसांची नजर बहुधा जुन्याच वस्त्यांवर राहिली. स्टुअर्टपुरम् चे नाव तर आंध्रात चोरांचे गाव म्हणूनच कित्येक वर्षे घेतले जाई. तेथे जन्मलेल्या शिकल्यासवरल्या मुलांसही गावाचे नाव सांगताना संकोच वाटे. तुरुंगांच्या नियमांतही जातीवरून काम वाटण्याची व विमुक्त जमातींस सराईत समजण्याची चाल टिकून होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरविले आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा हुकूम दिला.