कॉलिन चॅपमन : हलक्या मोटारींचा शिल्पकार



आजच्या लेखात आपण 'लोटस' या इंग्लंडमधील मोटार कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांच्या जीवनाची माहिती पाहणार आहोत. त्यासोबत विज्ञानाचा एक प्रश्नही सोडवू : गाडीचं वजन कमी केलं, तर तिच्या क्लच, गिअरबॉक्स आणि ॲक्सलवर काय परिणाम होतो?

जन्म व शिक्षण

चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनजवळच्या रिचमंड येथे झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्यांनी बांधकाम अभियांत्रिकीचा अभ्यास केला आणि तिथेच विमान चालवायलाही शिकले. विमानात एकही निरुपयोगी किलो चालत नाही, हे त्यांनी पक्कं लक्षात ठेवलं. १९४८ मध्ये त्यांनी जुन्या 'ऑस्टिन सेव्हन' गाडीवर आपली पहिली गाडी उभी केली. १९५२ मध्ये मैत्रीण हेझल यांच्याकडून २५ पौंड उसने घेऊन त्यांनी लोटस कंपनी सुरू केली. पुढे हेझल त्यांच्या पत्नी झाल्या.

वजन आणि ताकदीची साखळी

इंजिनात तयार झालेली ताकद क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि ॲक्सल अशा साखळीतून चाकापर्यंत जाते. आता पापडीच्या बाजारातून डबलसीट सायकल मारणारा मुलगा डोळ्यांसमोर आणा. निघताना चेन कशी ताणली जाते बघा! मागचा मित्र उतरला की तोच रस्ता, तोच वेग, पण चेनवर ताण कमी. बल = वस्तुमान × त्वरण, हे सूत्र तुम्हाला माहीत आहेच.

गणित करून पाहू. १००० किलोची गाडी ताशी ३६ किमी वेगाला नेली, तर तिची गतिज ऊर्जा ५०,००० ज्यूल होते. ७०० किलोच्या गाडीची फक्त ३५,००० ज्यूल. गाडी उचलताना क्लच घसरतो, तेव्हा होणारी उष्णताही जवळपास त्याच प्रमाणात कमी होते. शिवाय हलक्या गाडीच्या चाकांची रस्त्यावरची पकड कमी असते. त्यामुळे ॲक्सलवर फार जोर यायच्या आधीच चाक घसरतं.

चॅपमन यांनी याचा पुरेपूर फायदा घेतला. त्यांच्या सुरुवातीच्या 'मार्क सिक्स' गाडीला साध्या फोर्ड गाडीचं इंजिन आणि ॲक्सल पुरायचं. १९५७ ची 'लोटस सेव्हन' तर साधारण ५०० किलोची होती. त्याच वर्षी आलेल्या 'एलिट' गाडीत त्यांनी चाक फिरवणाऱ्या दांड्यालाच सस्पेन्शनचा भाग बनवलं. एक भाग, दोन कामं! १९६२ च्या 'एलान' गाडीत दांड्यांच्या जोडांवर रबराच्या जाड चकत्या बसवल्या. गाडी ७०० किलोच्या आतबाहेर, म्हणून ते जमलं. तरी गाडी उचलताना रबर पिळलं जाऊन हिसके बसायचेच.

यश मिळालं, पण…

आता नाण्याची दुसरी बाजू. गाडी हलकी केली म्हणून गिअरबॉक्सही हवा तितका हलका करता येत नाही. लोटसने शर्यतीसाठी बनवलेला छोटासा गिअरबॉक्स वारंवार बिघडे. तो सुधारायचं काम कीथ डकवर्थ या तरुण अभियंत्याकडे होतं. १९५८ मध्ये ते लोटसमधून बाहेर पडले आणि माइक कॉस्टिन यांच्यासोबत त्यांनी 'कॉसवर्थ' ही कंपनी काढली.

१९६२ मध्ये चॅपमन यांनी 'लोटस २५' आणली. नळ्यांच्या सांगाड्याऐवजी तिचं पत्र्याचं अंगच सांगाड्याचं काम करी, त्यामुळे ती हलकी आणि अधिक ताठ होती. १९६३ मध्ये जिम क्लार्क यांनी तिच्यावर १० पैकी ७ शर्यती जिंकून जगज्जेतेपद मिळवलं. पुढे १९६७ मध्ये 'लोटस ४९' आली. तिचं इंजिन डकवर्थ यांनीच बनवलेलं होतं, आणि ते गाडीच्या सांगाड्याचाच भाग होतं. पहिल्याच शर्यतीत क्लार्क जिंकले. पण दोन वर्षांपूर्वी २०० अश्वशक्तीच्या आसपास असलेलं इंजिन आता ४०० चं झालं होतं. वजन जवळपास तेवढंच, ताकद दुप्पट! गिअरबॉक्स कुरकुरू लागला आणि शेवटी दुसऱ्या कंपनीचा बसवावा लागला. म्हणजे वजन घटवून वाचवलेला ताण, ताकद वाढवली की परत येतो.

१९७० च्या 'लोटस ७२' मध्ये चाकांवरचं वजन कमी करण्यासाठी पुढचे ब्रेक चाकाऐवजी गाडीच्या अंगात बसवले होते. ब्रेकचा जोर एका दांड्यातून चाकाकडे जाई. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीतील मोंझा येथे सरावात उजव्या बाजूचा तो दांडा तुटला आणि गाडी कडेच्या कठड्यावर आदळली. कठडाही नीट बसवलेला नव्हता. चालक योखेन रिंट यांचा मृत्यू झाला. त्यांचे गुण कोणीच ओलांडू शकलं नाही, म्हणून मरणोत्तर जगज्जेते ठरलेले ते फॉर्म्युला वनमधील एकमेव चालक आहेत.

अखेर

चॅपमन यांच्या हयातीत लोटसने उत्पादकांचं जगज्जेतेपद सात वेळा मिळवलं. १६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने, वयाच्या ५४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

मित्रांनो, त्यांच्या यशाइतकंच रिंट यांचं मरणही लक्षात ठेवा. गाडीतलं बिनकामाचं वजन काढणं ही हुशारी. पण ज्या भागावर माणसाचा जीव अवलंबून आहे, त्याच्यावर किती जोर येतो हे आधी मोजायचं, मगच तो बारीक करायचा.

विचार करा व लिहा

१. गाडीचं वजन ३० टक्के कमी केलं, पण इंजिनाची ताकद दुप्पट केली, तर गिअरबॉक्सवर काय परिणाम होईल?
२. डबलसीट सायकलवर चढ चढताना आपण हलका गिअर का टाकतो?
३. तुमच्या घरातल्या कोणत्या वस्तूत एकच भाग दोन कामं करतो?