पॅप टेस्टचे जनक डॉ. जॉर्ज पापानिकोलाउ

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची ‘पॅप टेस्ट’ ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते डॉ. जॉर्ज पापानिकोलाउ १८८३ मध्ये ग्रीसमध्ये जन्मले. १९१३ मध्ये पत्नी अँड्रोमाकी यांच्यासह ते अमेरिकेत आले. सुरुवातीला त्यांनी गालिचे विकले, पत्नीने कपड्यांना बटणं लावली. पुढे कॉर्नेल मेडिकल कॉलेजात ते पेशींचा अभ्यास करू लागले. पत्नीने वर्षानुवर्षं स्वतःचे नमुने तपासायला दिले.

स्लाइडवर कॅन्सरच्या पेशी ओळखता येतात, हे त्यांनी १९२८ मध्ये मांडलं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९४३ मध्ये डॉ. हर्बर्ट ट्राउट यांच्यासोबत पुस्तक आलं, तेव्हा चित्र बदललं.

त्यांनी स्लाइडचे पाच वर्ग केले. पहिला निरोगी, पाचवा कॅन्सरचा. मधले वर्ग बदललेल्या किंवा संशयास्पद पेशींचे. आज वर्गवारी बदलली, पण मुद्दा तोच आहे. साध्या सुजेमुळे किंवा इन्फेक्शनमुळेही पेशी बदलतात.

१९६२ मध्ये त्यांचं निधन झालं. आम्ही आपल्या आया-बहिणींना एवढंच सांगतो: रिपोर्टमध्ये ‘असामान्य पेशी’ लिहिलं म्हणजे कॅन्सर झालाच असं नाही. पण भीतीपोटी किंवा लाजेपोटी रिपोर्ट कपाटात दडवू नका. डॉक्टर सांगतील ती पुढची तपासणी वेळेवर करा.