आकड्यांची नक्कल आणि चार्ल्स बॅबेज

(एस. वाय. बी. ए.)

थोरामोठ्यांची चरित्रे आपण शाळेत पाठ करतो आणि परीक्षा संपली की विसरून जातो. माझेही तसेच झाले असते. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या हातून एक चूक घडली आणि त्या चुकीमुळे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी वारलेला एक इंग्रज गृहस्थ मला अगदी जवळचा वाटू लागला. त्याचे नाव चार्ल्स बॅबेज. संगणकाचा जनक म्हणून हे नाव आपण सर्वांनी ऐकलेले असते. मात्र त्याने हा खटाटोप कशापायी केला, हे मला ठाऊक नव्हते.

प्रथम माझी चूक सांगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. सुट्टीत गावच्या दूध संस्थेत मला काम मिळाले. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाचे दूध आणि फॅट संगणकावर एक्सेलच्या एका तक्त्यात भरायचे आणि दर दहा दिवसांनी प्रत्येकाची बेरीज दुसऱ्या, म्हणजे बिलाच्या तक्त्यात उतरवायची. दीडशेच्या वर नावे. एका रात्री शेजारच्या काकूंच्या ८६ लिटरचे मी ६८ केले. काकूंना अक्षरओळख नाही. पण दोन म्हशींच्या दहा दिवसांच्या दुधाचा हिशेब त्यांच्या बोटांवर असतो. बिल हाती पडताच त्या आमच्याकडे आल्या. भांडल्या नाहीत. शिकलेल्या पोरीने लिहिले म्हणजे बरोबरच असणार, आपलीच मोजणी चुकली असेल, असे त्या आईला सांगत होत्या. त्यांचे ते बोलणे मला शिवीपेक्षा अधिक लागले. दुसऱ्या दिवशी चूक दुरुस्त झाली, १८ लिटरचे पैसेही मिळाले. पण ज्यांनी बोटांवर हिशेब ठेवला नव्हता, त्यांचे काय झाले असेल, हा विचार काही केल्या मनातून जाईना.

कॉलेज उघडल्यावर ग्रंथालयात बॅबेजविषयी वाचले, आणि पाहते तर या माणसाचे सारे आयुष्य याच प्रश्नात गेलेले!

बॅबेजचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडनमध्ये झाला. वडील श्रीमंत सावकारी पेढीवाले. घरी कशाची ददात नव्हती. १८१० साली तो केंब्रिजला गेला आणि तेथे गणिताने त्याला वेड लावले. १८१४ साली जॉर्जियाना हिच्याशी त्याचा विवाह झाला.

त्या काळी गणिताचे कोष्टक हे मोठ्या गरजेचे साधन होते. भर समुद्रात आपले जहाज कोठे आहे हे नावाड्याला कोष्टके पाहूनच काढावे लागे. ही कोष्टके माणसे हाताने तयार करीत. एकजण आकडेमोड करी, दुसरा त्याची नक्कल करी, तिसरा छापखान्यात खिळे जुळवी. प्रत्येक पायरीवर चूक शिरण्यास वाट मोकळी. १८२१ साली बॅबेज आणि त्याचा मित्र जॉन हर्शेल खगोलशास्त्राची काही कोष्टके तपासत बसले होते. एकच गणित दोन माणसांकडून वेगवेगळे करून घेतलेले. पण दोन्ही कागद समोरासमोर धरले तर जागोजागी तफावत. बॅबेज वैतागला आणि ही आकडेमोड वाफेच्या यंत्राने झाली तर किती बरे होईल, असे उद्गार त्याच्या तोंडून निघाले. येथून त्याच्या आयुष्याला वळण मिळाले.

त्याच्या यंत्रामागची युक्ती आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही समजण्याजोगी आहे. १, ४, ९, १६, २५ हे वर्ग घ्या. शेजारच्या संख्यांमधील फरक ३, ५, ७, ९ येतात आणि या फरकांमधला फरक नेहमी २ च येतो. म्हणजे गुणाकार न करता नुसत्या बेरजा करीत गेले तरी वर्गांचे कोष्टक तयार होते. बेरीज तर दातेरी चाकांनाही करता येते! यावरून यंत्रास डिफरन्स इंजिन हे नाव पडले. परंतु मला अधिक महत्त्वाची वाटली ती पुढची गोष्ट. काढलेले उत्तर यंत्रानेच छपाईच्या साच्यात उमटवावे, अशी बॅबेजची योजना होती. आकडा निघाल्यापासून छापला जाईपर्यंत मध्ये माणसाचा हात नको. चूक गणितात जितकी होते, तितकीच ती आकडे एका कागदावरून दुसऱ्या कागदावर नेताना होते, हे त्याने ओळखले होते.

१८२३ साली सरकारने पैसा दिला आणि जोसेफ क्लेमंट या कुशल कारागिराच्या हाती काम सोपवले गेले. पण नशिबाने साथ दिली नाही. १८२७ या एकाच वर्षात वडील, दोन मुले आणि पत्नी यांचा मृत्यू त्याला पाहावा लागला. खचलेल्या अवस्थेत तो युरोपात भटकत राहिला. १८२८ साली केंब्रिजमध्ये, पूर्वी न्यूटनने भूषविलेल्या प्राध्यापकपदावर त्याची नेमणूक झाली. १८३२ मध्ये यंत्राचा एक लहान भाग जुळून तयार झाला आणि तो बिनचूक चालला. मात्र पुढच्याच वर्षी क्लेमंटशी बिनसले व काम थांबले. सतरा हजार पौंडांहून अधिक सरकारी पैसा खर्ची पडल्यावर १८४२ मध्ये सरकारने अंग काढून घेतले.

दरम्यान बॅबेजच्या डोक्यात त्याहून मोठे यंत्र घोळू लागले होते. रेशमी कापड विणणाऱ्या जॅकार्डच्या मागावर भोके पाडलेली पुठ्ठ्याची पत्रे नक्षी ठरवतात. तशीच पत्रे यंत्राला हुकूम देतील, अशी ही कल्पना. एडा लव्हलेस या विदुषीने १८४३ साली त्यावर विस्तृत टिपणे लिहिली. तेही यंत्र कागदावरच राहिले. स्वीडनमधील शॉइट्स पितापुत्रांनी स्वतःचे डिफरन्स इंजिन पुरे केले, तेव्हा मात्र बॅबेजने मत्सर न करता त्यांचे कौतुक केले. १८ ऑक्टोबर १८७१ रोजी तो वारला. लोकांच्या लेखी तो एक अपयशी, तिरसट म्हातारा होता. त्याच्याच आराखड्यांवरून लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ साली यंत्राचा गणिती भाग उभारला, २००२ साली छपाईचा भागही जोडला, आणि यंत्र बरोबर चालले!

आता दूध संस्थेत सचिवांनी दोन्ही तक्ते सूत्राने जोडून घेतले आहेत. पहिल्या तक्त्यात आकडा भरला की बिलात तो आपोआप जातो. खरे सांगायचे तर माझे निम्मे काम गेले म्हणून मी आधी हिरमुसले होते. पुन्हा सुट्टीत बोलावतील की नाही, ही धास्तीही होती. बॅबेजचे चरित्र वाचल्यावर समजले, की गेले ते काम करण्यासारखे नव्हतेच. थकलेल्या हाताकडून बिनचूकपणाची अपेक्षा करणे हाच अन्याय होता, माझ्यावरही आणि काकूंवरही.

पण एक गोष्ट उरतेच. चुकीचे आकडे घातले तर यंत्रातून उत्तर बरोबर येईल काय, असे पार्लमेंटच्या सभासदांनी आपल्याला दोनदा विचारल्याचे बॅबेजने आत्मचरित्रात नमूद केले आहे. या प्रश्नामागचा गोंधळ पाहून तो थक्क झाला होता. मी पहिल्याच वेळी ८६ चे ६८ भरले, तर सूत्र ते ६८ मोठ्या इमानाने बिलापर्यंत पोहोचवील. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा कामावर गेले तेव्हा एक नियम केला. काट्यावरचा आकडा आधी मोठ्याने वाचायचा, समोरच्याने मान हलवली की मगच भरायचा. काकू आता रोज मान हलवतात. एकदा त्यांनी मला थांबवलेही, आणि चूक माझीच होती.