साताऱ्याचे नाना पाटील बीडचे खासदार कसे झाले? लाल बावट्याच्या बदलत्या चालींची गोष्ट

राजूर (ता. भोकरदन) : ६ डिसेंबर म्हटलं की गावोगावी बाबासाहेबांना अभिवादन होतं, आणि ते व्हायलाच पाहिजे. त्याच तारखेला, १९७६ साली, मिरजेत आणखी एक मोठा माणूस गेला. क्रांतिसिंह नाना पाटील. सातारा-सांगलीकडे त्यांचं नाव घराघरात आहे. आपल्याकडे मात्र नव्या पिढीतल्या पुष्कळांना हे ठाऊक नाही की हाच माणूस गोदावरीपलीकडच्या बीडचा खासदार होता, आणि तोही कम्युनिस्ट पक्षाचा.

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. गाव येडेमच्छिंद्र, तालुका वाळवा. तेव्हा हा भाग सातारा जिल्ह्यात होता, आता सांगलीत आहे. मूळ आडनाव पिसाळ, घरात पाटीलकी म्हणून पाटील झाले. धिप्पाड गडी. शिकून तलाठी झाले. त्या काळी तलाठ्याची नोकरी म्हणजे गावात केवढा मान! पण सातबारा लिहिता लिहिता कुणाची जमीन सावकाराकडं कशी जाते, हेही रोज डोळ्यासमोर दिसायचं. त्यात सत्यशोधक चळवळीचा विचार मनात बसलेला. १९३० साली गांधीजींची कायदेभंगाची चळवळ आली आणि नानांनी नोकरीवर पाणी सोडलं. पुढची बारा वर्षं सभा, तुरुंग, सुटका आणि परत तुरुंग, अशीच गेली.

१९४२ च्या ऑगस्टात चले जाव सुरू झालं. सातारा जिल्ह्यात लोकं बिनहत्यारी मोर्चे घेऊन तालुक्याच्या कचेऱ्यांवर तिरंगा लावायला निघाले. ९ सप्टेंबरला वडूजला पोलिसांनी गोळ्या घातल्या, परशुराम घार्गे यांच्यासह नऊजण गेले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरलाही गोळीबार झाला. उघड्या छातीनं मोर्चा नेला की माणसं मरतात आणि कचेरी जागच्या जागी राहते, हे सगळ्यांना कळून चुकलं. मग चाल बदलली. कार्यकर्ते भूमिगत झाले आणि १९४३ मध्ये प्रतिसरकार उभं राहिलं. कचेरी ताब्यात घेत बसायचं नाही, लोकांनी कचेरीत जायचंच बंद करायचं, असा तो हिशोब होता. गावातला तंटा गावातच न्यायदान मंडळापुढं मिटवायचा. दारूबंदी करायची. लग्न साध्या खर्चात लावायचं, त्याला गांधी लग्न म्हणत. संरक्षणाला तुफान सेना. पैशासाठी सरकारचाच खजिना. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ पगाराची रेल्वे अडवली, एप्रिल १९४४ मध्ये धुळ्याकडं चिमठाण्याजवळ साडेपाच लाखांच्या आसपास सरकारी रक्कम लुटली. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर असे कितीतरी जण यात होते. एकट्या नानांचं हे काम नव्हतं. पण नानांच्या शब्दावर गावं उभी राहायची.

याला लोकांनी पत्री सरकार असंही नाव दिलं. गुन्हेगाराच्या, पोलिसांच्या खबऱ्याच्या तळपायावर फटके मारत, त्यावरून. या शिक्षांत काही ठिकाणी अतिरेक झाला, हे सांगितलंच पाहिजे. तरी जवळपास चार वर्षं इंग्रज सरकारला नाना सापडले नाहीत. बक्षीस लावलं, जमीन जप्त केली, तरी नाही. हजारो माणसांना ठावठिकाणा ठाऊक असताना एक माणूस सापडत नाही, याचा अर्थ काय तो वाचकांनीच काढावा. १९४६ साली ते उघडपणे लोकांसमोर आले.

आता गंमत बघा. नाना पुढं ज्या पक्षात गेले, तो कम्युनिस्ट पक्ष १९४२ च्या लढ्यात नव्हताच. उलट विरोधात होता. जून १९४१ मध्ये हिटलरनं रशियावर हल्ला केला, त्यानंतर पक्षानं ठरवलं की हे आता लोकयुद्ध आहे, इंग्रजांना या घडीला अडवायचं नाही. जगाच्या नकाशावर बघितलं तर त्यात तर्क होता. वडूजच्या विधवेला तो कसा सांगायचा? हा डाग महाराष्ट्रात पक्षाला पुढं कितीतरी वर्षं धुता आला नाही.

स्वातंत्र्यानंतर पक्षानं एकदम दुसरं टोक गाठलं. फेब्रुवारी १९४८ मध्ये कलकत्त्याच्या अधिवेशनात बी. टी. रणदिवे सरचिटणीस झाले आणि उठावाची भाषा सुरू झाली. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच संस्थानात तेलंगणात शेतकऱ्यांनी १९४६ पासून देशमुख-जमीनदारांविरुद्ध हत्यार उचललं होतं. जमिनी वाटल्या, वेठबिगार मोडली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम गेला, मराठवाडा मोकळा झाला. तेलंगणातली लढाई मात्र भारत सरकारच्या फौजेविरुद्ध चालू राहिली. शेकडो-हजारो माणसं गेली. शेवटी ऑक्टोबर १९५१ मध्ये पक्षानं ती मागं घेतली आणि मतपेटीचा रस्ता धरला. लगेच १९५२ च्या निवडणुकीत नळगोंड्यातून रवी नारायण रेड्डी यांनी पंडित नेहरूंपेक्षाही जास्त मतं घेतली. बंदुकीनं जे टिकवता आलं नाही, त्याची पावती लोकांनी मतात दिली.

नाना या काळात काँग्रेस सोडून बाहेर पडले होते. १९४८ साली केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासोबत ते शेतकरी कामगार पक्षात आले. ज्यांच्यासाठी लढलो त्या कुळाच्या आणि शेतमजुराच्या हातात काहीच आलं नाही, हे त्यांचं दुखणं होतं. शेकापमध्येही ते फार रमले नाहीत आणि पुढं कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५५ साली डहाणूला किसान सभेचं अखिल भारतीय अधिवेशन झालं, त्याचे ते अध्यक्ष होते. पोथ्या वाचून झालेला हा कम्युनिस्ट नव्हता. मार्क्सचं नाव न घेता ते कुणब्याला त्याचाच हिशोब समजावून सांगत. बी-बियाण्याला किती गेलं, सावकारानं किती नेलं, पोराच्या ताटात काय उरलं.

पक्षाची सगळ्यात शहाणी चाल आली १९५६ मध्ये. मुंबईसह मराठी राज्यासाठी संयुक्त महाराष्ट्र समिती झाली. समाजवादी एस. एम. जोशी, कम्युनिस्ट डांगे, शेकाप, बाबासाहेबांचा शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, आचार्य अत्रे, सगळे एका मांडवाखाली. एरवी ही मंडळी एकमेकांचं तोंड बघत नव्हती. आपला झेंडा थोडा गुंडाळून लोकांच्या मागणीचा झेंडा पुढं करायचा, ही ती चाल. १९५७ ला नाना साताऱ्यातून खासदार झाले. लोकसभेत ते मराठीतून बोलले, त्याचं तेव्हा फार कौतुक झालं. त्याच वर्षी केरळात मतपेटीतून कम्युनिस्ट सरकार आलं, पण १९५९ मध्ये केंद्रानं ते बरखास्त केलं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मागणी पुरी झाली तशी समितीही विस्कटली.

त्यानंतर चीनचं युद्ध, आणि १९६४ मध्ये पक्षच फुटला. रणदिवे, गोदावरी परुळेकर मार्क्सवादी पक्षात गेले. नाना डांग्यांसोबत जुन्या पक्षात राहिले. फूट का पडली, हे आजही बांधावरच्या माणसाला दोन वाक्यांत सांगता येत नाही, तेव्हा काय सांगणार!

असं असताना १९६७ साली पक्षानं नानांना बीडमधून उभं केलं. वय ६६. ना भाऊकी, ना जातगोतावळा, ना कारखाना. दुष्काळी, ऊसतोडीला जाणारा मुलूख. आणि बीडकरांनी परजिल्ह्यातल्या या म्हाताऱ्याला काँग्रेसच्या त्या जोरात निवडून दिल्लीला पाठवलं. आज बाहेरचा उमेदवार म्हटलं की लगेच वाद पेटतो, म्हणून हे मुद्दाम सांगायचं.

१९७१ ला ती जागा काँग्रेसकडं गेली. १९७५ मध्ये आणीबाणी आली, तिला नानांच्या पक्षानं पाठिंबा दिला. ही त्या पक्षाची १९४२ सारखीच दुसरी मोठी चूक. आणीबाणी उठायच्या आत नाना गेले. अंत्यसंस्कार वाळव्याला झाले. तीनच महिन्यांनी, मार्च १९७७ मध्ये, बीडनं पुन्हा लाल बावट्याचा खासदार निवडला. ते होते गंगाधरअप्पा बुरांडे. यावेळी मात्र पक्ष दुसरा होता, आणीबाणीला विरोध करणारा मार्क्सवादी.